डाव्या हाताचं माप

माझी बायको द्वारका गेल्यावर तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी पहिली बाई आपलं कापड परत न्यायला आली.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पण आता तुमच्याकडं कुठं शिवून होणार?" ती म्हणाली. मी तिचा ब्लाऊजपीस दिला आणि मापाला ठेवलेलं जुनं ब्लाऊजही दिलं. मग रोज एक-दोन जणी येत राहिल्या. कोणी दारातूनच मागितलं, कोणी बसून द्वारकाच्या आठवणी काढल्या. जाताना कापड मात्र बहुतेकींनी नेलं. महिन्याभरात कपाटाचे दोन खण रिकामे झाले.

आमचं दुकान पुंडलिकनगरला, घराच्याच पुढच्या खोलीत. पाटी द्वारकाच्या नावाची, पण शिलाई आधी माझी. मी गुलमंडीला एका दुकानात पँट-शर्ट शिवायला शिकलो. तेव्हा नवरदेव सफारीचं माप द्यायला चार भावांना घेऊन यायचा. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आम्ही नवीन कापड घेणं बंद करायचो. पुढं जीन्स आली, रेडिमेड आलं. ज्यांच्या बापाच्या पँटी मी शिवल्या ती पोरं माझ्याकडं फक्त लांबी कमी करायला यायला लागली. नंतर तीही यायची थांबली. द्वारकाचा शिवणक्लास झालेला होता. ती म्हणाली, "गड्यांचं अंग बाजारानं ठरवून टाकलं. बायांचं अजून त्याला ठरवता येत नाय. आपण ब्लाऊज शिवू."

तेव्हापासून माप घेणं आणि कापणं तिच्याकडं, मशीन माझ्याकडं. हूक, काज आणि तुरपाई रईसाकडं. रईसा तिच्या लग्नाआधीपासून आमच्याकडं कामाला होती.

खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा होता. बाई मापाला पडद्यामागं गेली की मी मशीन थांबवून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. पडद्याआडचं पडद्याबाहेर बोलायचं नाही, हा द्वारकाचा नेम होता. कोण वाळली, कोणाला दिवस गेले, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. मला कापलेले तुकडे मिळायचे, वर खडूनं नाव लिहिलेलं असायचं. ते मी जोडायचो. सव्वीस वर्षं असंच चाललं.

तिच्या किडन्या गेल्या होत्या. दोन वर्षं डायलिसिस चाललं. शेवटच्या तीन-चार महिन्यांत तिचं बोलणं मधूनच भरकटायचं. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं. एकदा तिनं रईसाला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. एकदा मला विचारलं, "दुकान उघडलं का?" तेव्हा आम्ही दुकानातच बसलो होतो. हे सांगतो, कारण पुढं मी जे केलं ते यामुळं केलं.

माझा मुलगा इंद्रजीत चितेगावला कंपनीत आहे. एका रविवारी जेवताना त्यानं विषय काढला.

"आप्पा, एक पार्टी आलीय. लग्नाचे घागरे, शेरवान्या भाड्यानं देतात ते लोक. आपली पुढची खोली मागतात."

"लग्नातले कपडे भाड्यानं?"

"मग? एक दिवस घालायचं, फोटो काढायचे, वापस करायचं. शिवून घेतंय कोण आता? ब्लाऊज तर मोबाइलवर मिळतं. ताणलं की बसतं. बत्तीसलाबी अन् चाळीसलाबी."

"बत्तीसला अन् चाळीसला एकच बसत असंल तर ते ब्लाऊज नाय. पायमोजा हाय."

तो हसला. मग म्हणाला, "ते खरं. पण आप्पा, आईसारखं माप कोण घेणार? तुम्ही घेणार का?"

तो टोचून बोलला नव्हता. पण गल्लीतल्या बाया आमच्याकडं यायच्या त्या माप बाई घेते म्हणूनच. मी पुढचा घास घेतला.

त्याच आठवड्यात दीपमाला मॅडम आल्या. मॅडम शाळेत शिकवतात, पन्नाशीच्या आहेत, बऱ्याच वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीचं, तनुजाचं लग्न वैशाखात होतं. त्यासाठी घेतलेल्या जांभळ्या पैठणीचा ब्लाऊजपीस त्या दिवाळीनंतर देऊन गेल्या होत्या. द्वारकानं तेव्हाच माप घेऊन ठेवलं होतं. कापायचं राहिलं. आता त्याही कापड न्यायला आल्या होत्या. मी पिशवी काढली, पण ती माझ्या हातातून सुटेना.

"मॅडम, हे मी शिवतो. वहीत माप हाय."

त्या थांबल्या. "भाऊ, माझं माप जरा वेगळं... द्वारकाताईंनी तुम्हाला सांगितलं असेल ना?"

"सगळं वहीत हाय."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी पिशवीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "मग ठीक आहे. बाहेरचं मला बसतच नाही. चार दुकानं फिरून आले मी."

त्यांचं ब्लाऊज द्वारका मला शिवू द्यायची नाही. "मॅडमचं मी बघते, त्या चोखंदळ हायेत," म्हणायची आणि स्वतः मशीनवर बसायची. त्यामुळं वेगळं म्हणजे काय, फिटिंगच्या चार खोडी असतील, असं मी धरलं. मॅडम जुनं ब्लाऊजही कधी मापाला ठेवायच्या नाहीत. दर वेळी अंगावरच माप द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. अक्षर द्वारकाचंच होतं, थोडं थरथरलेलं. दंडघेर उजवा साडेदहा, डावा तेरा. मुंढा, म्हणजे काखेभोवतीचा घेर, उजवा सोळा, डावा साडेसतरा. खाली एक ओळ होती: डावीकडं आतून मलमलीचा खिसा.

मी ते पान बराच वेळ बघत बसलो. कोणाच्या दोन दंडांत अडीच इंचांचा फरक असतो? टेप घेऊन मी माझे दोन्ही दंड मोजले. सारखे भरले. आणि ब्लाऊजला आतून खिसा कशाला? मला वाटलं, लिहिताना तिचं मन भलतीकडं गेलं असणार. दुकानात बसून दुकान उघडलं का विचारणारी बाई, तिनं काहीही लिहिलं असेल. वही मिटली आणि मला रडू आलं.

मॅडमना फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही. परक्या बाईला तिच्या दंडाचं विचारायचं कसं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, शेवटी द्वारकाचं डोकं ठिकाणावर नव्हतं हे गिऱ्हाइकाला कळावं असं मला वाटत नव्हतं. सव्वीस वर्षांत तिचं एक माप चुकलं नव्हतं. तिच्या मागं कोणी तिची चूक काढू नये, म्हणून मीच ती गुपचूप दुरुस्त केली. उजव्या बाजूचं माप दोन्हीकडं घेतलं. खिसा गाळला.

द्वारका गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कात्री परत माझ्या हातात आली होती. काठ बरोबर बाहीवर आणला, अस्तर लावलं, कुठं झोळ नाही. हूक मीच लावले. काम चांगलं झालं होतं. त्या दिवशी मला भूकही लागली.

लग्न रविवारी होतं. मॅडम गुरुवारी सकाळी एकट्याच आल्या. ब्लाऊज उलटसुलट करून बघितलं आणि घालून बघायला पडद्यामागं गेल्या. मी ओट्यावर जाऊन बसलो. बराच वेळ गेला. मग हाक आली.

"भाऊ."

मी आत आलो आणि पडद्याच्या अलीकडं थांबलो.

"डाव्या बाहीत हात जात नाही."

"अर्धा इंच शिलाई हाय आत. सोडतो ना मॅडम."

"अर्ध्या इंचानं होणार नाही." मग त्यांनी विचारलं, "वहीत तेरा लिहिलं नव्हतं का?"

"लिव्हलं होतं. पण ती चूक होती. आजारपणात तिचं जरा..."

"आणि खिसा?"

"तेबी लिव्हलं होतं. मला वाटलं..."

पडदा हलला नाही. पलीकडून त्या म्हणाल्या, "चूक नव्हती, भाऊ."

त्या आपले कपडे घालून बाहेर आल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला होता. स्टुलावर बसल्या आणि शाळेत धडा सांगावा तसं सरळ सांगितलं.

"पाच वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. गाठ होती. डावी बाजू काढावी लागली. तेव्हापासून हा हात सुजतो, उन्हाळ्यात जास्तच. आणि त्या बाजूला आत उशी ठेवावी लागते. ती हलू नये म्हणून खिसा. तो द्वारकाताईंनी स्वतःच्या डोक्यानं काढला होता. दवाखान्यातही मला तसं कोणी सुचवलं नव्हतं."

"तिनं मला नाय सांगितलं," मी म्हणालो.

"मीच सांगू नका म्हणाले होते. घरात माहीत आहे. शाळेत नाही, पाहुण्यांत नाही. पण वाटलं, तुम्ही दोघं एकाच खोलीत काम करणारे. जाताना तरी सांगितलं असेल. तुम्ही सगळं आहे म्हणालात."

"होतं, मॅडम. सगळं लिव्हलेलं होतं. मीच बदललं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ब्लाऊजची घडी घातली, ती मोडली, परत घातली.

"मोठ्या दुकानात गेले होते. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, हे फ्री साइज आहे, सगळ्यांना येतं. म्हटलं, बाई, तुझं सगळ्यांना म्हणजे दोन हात सारखे असलेल्यांना. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय." मग म्हणाल्या, "रविवारी मला दारात हात जोडून उभं राहायचंय, भाऊ. तिकडचे दोनशे लोक येणार. पोरगी सासरी जाताना तिला जवळ घ्यायचंय. दिवसभर शाल पांघरून कशी उभी राहू? वैशाखात?"

ब्लाऊजपीस संपला होता. अर्धा हात तुकडाही उरला नव्हता. मी म्हणालो, "साडीचं आतलं टोक असतंय, कमरेत खोचतो ते. तिथून वीस इंच काढलं तर नेसताना कळणार नाय. तुम्ही अंगानं बारीक हायेत."

"नवी पैठणी कापायची?"

"दुसरं काय सुचत नाय मला."

त्या उठून गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. तासाभरानं साडी घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "कापा. पण माप तुम्ही घेणार नाही."

"नाय. रईसाला बोलावतो. जुनी रईसा."

"ती चालेल," त्या लगेच म्हणाल्या. ते मला तेव्हा उमगलं नाही.

रईसा द्वारका गेल्यापासून जालना रोडला एका मोठ्या शोरूममध्ये अल्टरेशनच्या काउंटरवर आहे. फोनवर म्हणाली, "चाचा, दहाला काउंटरवर लागते मी. उद्या साडेआठला येते." आली तेव्हा टेप गळ्यातच होती. मॅडम यायच्या होत्या. मी चहा ठेवला.

"तिकडं काय काम असतं गं?"

"काम काय, चाचा. तयार ब्लाऊज येते. आतून दोन्ही बाजूला चार-चार शिलाया मारलेल्या. बाई आरशात बघते. टाइट वाटलं की एक उसवायची, ढिला वाटलं की एक मारायची. दिवसाला चाळीस पीस. माप कोणी घेत नाय. ही टेप नुसती शोला हाय."

"अन् मॅडमसारखी कोणी आली तर?"

"येते ना. आरशात बघते अन् ठेवून जाते. काउंटरपर्यंत नाय येत."

मी तिच्याकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मॅडमचं? खिसा मीच तर लावायची हातानं. मशीनची शिलाई टोचते म्हणून."

"एका खोलीत असून मला कसं नाय कळलं?"

"तुम्ही ओट्यावर असायचे ना, चाचा."

असं म्हणून ती चहा प्यायली. मी तिला वहीचं सांगितलं. द्वारकानं भलतंच लिहिलं असं मी धरलं, तेही सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"चाचीची बोलण्यात गडबड व्हायची. मला कधी सलमा, कधी शांता, कायबी म्हणायची. पण टेप हातात आली की नाय. मापाला एकदम सही. तुम्ही बघितलंच नाय तिला माप घेताना. एकदाबी."

हे खरं होतं. आणि मला आठवलं, मॅडमच्या आधी वहीवरून मी आणखी दोन ब्लाऊज शिवली होती. एकीचा एक खांदा पाऊण इंच उतरता लिहिला होता. तोही मी सारखा केला होता. ती बाई ब्लाऊज घेऊन गेली, काही बोलली नाही. परत आलीही नाही. मी त्याला द्वारका गेली म्हणून गिऱ्हाईक तुटलं, असं समजलो होतो.

मॅडम आल्या. दोघी पडद्यामागं गेल्या. सवयीनं मी ओट्याकडं निघालो, तर रईसा आतून ओरडली, "चाचा, लिहिणार कोण? मी सांगते, तुम्ही लिहा. दूर नका जाऊ."

मी पडद्याकडं पाठ करून बसलो आणि लिहीत गेलो. दंडघेर उजवा साडेदहा. डावा साडेतेरा. उन्हानं अर्धा इंच वाढला होता. मुंढा डावा अठरा. आत रईसा मधूनमधून काहीतरी बोलत होती, मॅडम एकदा हसल्याही. द्वारका असताना आत असंच हसणं चालायचं, ते ओट्यावर ऐकू यायचं. मला वाटायचं बाया गप्पा मारतात, कामाचा वेळ घालवतात.

साडीचं टोक मी मॅडमच्या समोरच कापलं. त्यांनी दुसरीकडं बघितलं. मग दोन बाजू दोन मापांनी आखल्या. हे मी आयुष्यात पहिल्यांदा करत होतो. अठ्ठेचाळीस वर्षं मशीनवर काढली, पण कापड घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापायची एवढंच मला येत होतं. आता घडी उलगडून एकेक बाजू वेगळी आखायची होती. तीनदा खडू पुसला.

संध्याकाळी इंद्रजीत कामावरून आला तेव्हा मी मशीनवरच होतो. "पार्टीला काय कळवू, आप्पा?" त्यानं विचारलं.

"रविवार होऊ दे."

"त्यांना घाई हाय. लग्नसराई चालू हाय ना."

"मलाबी लग्नाचंच काम हाय," मी म्हणालो. तो उभा राहून बघत होता. डाव्या-उजव्या बाह्या शेजारी ठेवलेल्या होत्या. त्यानं दोन्ही बघितल्या आणि काही न विचारता आत गेला.

शनिवारी सकाळी रईसानं येऊन हातानं खिसा लावला. नऊच्या सुमाराला मॅडम आल्या, साडी घेऊनच. पडद्यामागं गेल्या आणि नेसून बाहेर आल्या.

डाव्या बाहीत हात गेला. काठ बरोबर बसला. साडीचं टोक कापलंय हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

"बघू मॅडम, हात जोडा," रईसा म्हणाली.

मॅडमनी नमस्काराला जोडतात तसे हात जोडले. बरोबर होतं. मग मुलीला जवळ घ्यायला करतात तसे हात पुढं केले, तेव्हा डावी बाजू बोटभर वर उचलली गेली आणि हात खाली आले तरी तशीच राहिली. मॅडमनी ती दोन बोटांनी खाली ओढली. मी बघितलं. रईसानंही बघितलं.

"चाचीचं असं उचलायचं नाय," ती हळूच म्हणाली. "काखेत ती काय तरी करायची."

"काय करायची?"

"ते नाय माहीत. कापायचं तिच्याकडं होतं."

मी वहीतली मॅडमची मागची सगळी पानं काढून बघितली, पाच वर्षांपर्यंतची. काखेचं काही नव्हतं. ते तिनं कुठं लिहिलं नव्हतं. कापणारी तीच, शिवणारी तीच, लिहायची गरज कोणासाठी पडली असती?

"उसवतो, मॅडम. परत बघतो. संध्याकाळपर्यंत देतो."

"नको भाऊ, चार वाजता हळद आहे. घर पाहुण्यांनी भरलंय." त्यांनी आरशात एकदा बघितलं. "बसलंय. चांगलं बसलंय."

"नाय बसलं."

"माझ्यापुरतं बसलंय," त्या म्हणाल्या. "द्वारकाताईंचं ब्लाऊज घातलं की विसरून जायचे मी. एवढंच. आता लक्ष ठेवावं लागेल. ठेवते."

शिलाई द्यायला लागल्या ती मी घेतली नाही. त्यांनीही जास्त आग्रह केला नाही. साडी बदलून, ब्लाऊज पिशवीत घालून त्या निघाल्या. ओट्याच्या पायरीवर थांबल्या, मागं वळून म्हणाल्या, "उद्या जेवायला या. तुम्ही बापलेक दोघंही या. रईसा, तूही." मग गेल्या.

रईसा टेप गळ्यात घालत म्हणाली, "झालं, चाचा. कोणाला कळणार नाय. कोण बघतंय एवढं बारीक?"

"मॅडमचं लक्ष दिवसभर तिथंच राहणार."

रईसानं पिशवी उचलली. तिच्या काउंटरची वेळ होत आली होती, तीही गेली.

रविवारी मी गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो. कार्यालयाच्या दारात मॅडम उभ्या होत्या, जांभळी पैठणी, नाकात नथ. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होत्या, हसत होत्या. छान दिसत होत्या, खरंच. मी बाजूला खुर्चीवर बसलो आणि मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत राहिलो. दर चार पाहुण्यांनंतर त्यांचा उजवा हात डाव्या बाजूला जायचा, पदर सारखा केल्यासारखं करून दोन बोटांनी ब्लाऊज खाली ओढायचा.

मुलगी निघाली तेव्हा ती आईच्या गळ्यात पडली. मॅडमनी तिला एकाच हातानं जवळ घेतलं. डावा हात त्यांनी अंगाशी धरून ठेवला होता.